फिनलंडला निघालेल्या नातवंडांची भाषेची शिदोरी

हेलसिंकीच्या सिनेट चौकात उभे राहिले की उत्तरेस उंच पायऱ्यांवर पांढरेशुभ्र कॅथेड्रल दिसते. पूर्वेस शासनाची इमारत आणि पश्चिमेस विद्यापीठाची. मधल्या चौकापलीकडून दोन्ही एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. हे विद्यापीठ मूळचे तुर्कू शहरातले, १६४० साली स्थापन झालेले. १८२७च्या भीषण आगीत तुर्कूचा बहुतांश भाग भस्मसात झाला आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ हेलसिंकीस आले. सप्टेंबरच्या आरंभी शिकवणी सुरू झाली की या चौकातून पाठीवर दप्तर घेऊन जाणाऱ्या तरुणांत आज भारतीय चेहरेही दिसतात.

नात किंवा नातू फिनलंडला निघाला की घरातील वडीलधाऱ्यांना चिंता वाटते ती थंडीची आणि जेवणाची. भाषेचा विषय बहुधा निघतच नाही, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत असतो आणि तेथील बहुतेकांना इंग्रजी चांगले येते. नेमकी ही सोयच पुढे अडचण ठरते. वर्गात, ग्रंथालयात, दुकानात इंग्रजीवर निभावते. म्हणून फिनिश शिकणे या सत्रावरून पुढच्या सत्रावर ढकलले जाते. पदवी हाती येते तेव्हा कळते की पुष्कळ नोकऱ्यांना फिनिश लागते. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. पण भाषेचा श्रीगणेशाच तेव्हा करायचा म्हटले तर हा काळ थोडा पडतो.

फिनिश ही आपल्या भाषाकुळातली नव्हे. तिचे कूळ उरालिक. इस्टोनियन ही तिची जवळची बहीण, तर हंगेरियन दूरची. तिला पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो. मराठी माणसाने मात्र घाबरू नये. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलतो. आपण ‘पुणे’चे ‘पुण्यात’ करतो, तसे तेथे ‘हेलसिंकी’चे ‘हेलसिंगिस्सा’ होते. लिंगभेद नाही, ‘तो’ आणि ‘ती’ यांना ‘हॅन’ हा एकच शब्द. उच्चार लिहिल्याबरहुकूम. केवळ ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे कटाक्षाने सांभाळावी लागतात: ‘तुलि’ म्हणजे अग्नी, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात भाषेची आखणी पहिल्या आठवड्यापासूनच करावी. तेथे एक श्रेयांक म्हणजे सुमारे २७ तासांचे काम. पाच श्रेयांकांचा भाषावर्ग घेतला तर सुमारे १३५ तास हवेत. मुख्य विषयांचे वेळापत्रक ठरवतानाच ते तास बाजूला काढावेत. वर्गांतील जागा मर्यादित असल्याने नोंदणीही वेळेवर करावी. पहिल्या सत्रात प्राथमिक पायरी, वसंतात पुढची, उन्हाळी कामात ऐकण्या-बोलण्याचा सराव आणि दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय भाषा परीक्षेची तयारी, असा क्रम सोयीचा पडतो. पुढे नागरिकत्वाचा विचार असेल, तर या परीक्षेची सहापैकी तिसरी पातळी गाठावी लागते. पुस्तकी आणि बोली फिनिशमध्ये बरेच अंतर आहे; पुस्तकातले ‘मिना ओलेन’, म्हणजे ‘मी आहे’, लोकांच्या तोंडी ‘मा ओन’ होते. म्हणून वर्गाबाहेर पडणे अगत्याचे. ग्रंथालयांतून भाषा-कट्टे भरतात आणि ‘यूले’ ही सार्वजनिक प्रसारण संस्था सोप्या फिनिशमध्ये बातम्या देते.

या आखणीचा आरोग्याशीही संबंध आहे. डिसेंबरअखेर हेलसिंकीत दिवस सहा तासांहूनही लहान असतो; दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा दिवसांत परदेशी विद्यार्थी खोलीत कोंडून घेतो, झोपेचे तंत्र बिघडते, मन उदास होते. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी गाठायचा भाषावर्ग त्याला घराबाहेर काढतो, चार ओळखी मिळवून देतो. अर्थात उदासी रेंगाळली तर वर्गावर विसंबून न राहता विद्यार्थी आरोग्यसेवेकडे जावे. तेथे मानसिक आरोग्याची मदत इंग्रजीतही मिळते. ‘ड’ जीवनसत्त्वाबाबतही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जे विद्यार्थी परिचर्या किंवा वृद्धसेवा शिकण्यास जातात, त्यांच्यासाठी तर भाषा ही सेवेची पहिली अट आहे. फिनलंडमध्ये पाचांतील एकाहून अधिक माणसे ६५ वर्षांवरील आहेत. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरते आणि मातृभाषा अधिक काळ टिकते. अशा आजीला ‘कुठे दुखते’ हे तिच्याच भाषेत विचारावे लागते. हे त्या देशाला फार पूर्वी उमगले होते. ‘कालेवाला’ या महाकाव्याचा संकलक एलियास ल्योनरोट हा कायानीचा वैद्य होता. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण स्वीडिशमध्ये चालत असतानाच्या त्या काळात, १८३९ साली, त्याने शेतकऱ्यांसाठी घरगुती वैद्यकाचे पुस्तक फिनिशमध्ये लिहिले. पुढे तो हेलसिंकी विद्यापीठात फिनिश भाषेचा प्राध्यापक झाला.

घरच्यांनाही यात हातभार लावता येतो. रविवारी दूरध्वनीवर ‘जेवलास का’ याच्यासोबत ‘या आठवड्यात कोणते पाच शब्द शिकलास’ हेही विचारावे. ते शब्द स्वतः वहीत लिहून घ्यावेत आणि पुढच्या रविवारी त्याला म्हणून दाखवावेत. आपल्याला म्हाताऱ्यांना शिकवावे लागते म्हटल्यावर नातवंडांचाही अभ्यास पक्का होतो, आणि आपल्यालाही आठवडाभर घोळवायला काही नवे मिळते. सुरुवात ‘तालो’पासून करावी.