तिसरे अक्षर

गणितातल्या अक्षरांपैकी क्ष आणि य ही जोडी मोठी घरंदाज. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसालाही ती ओळख देते. पण तिच्या मागोमाग केव्हातरी ‘ट’ नावाचा एक पाहुणा येतो, आणि तिथे पुष्कळांचे बिनसते. क्ष आणि य यांचे नाते एकाच समीकरणात सांगायची सोय असताना क्षचे नाते टशी, यचे नाते टशी, अशी दोन समीकरणे मांडायची. म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून बोलण्याऐवजी तिसऱ्याकरवी निरोप धाडण्यासारखेच हे! पाठ्यपुस्तके या तिसऱ्याला ‘प्राचल’ म्हणतात. नावही असे की, ऐकणाऱ्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटू नये.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीला आमच्याकडे आली तेव्हा तिने हीच तक्रार केली. “मामा, आधी ट आणायचा आणि मग ‘टचा लोप करा’ असा प्रश्न घालायचा. मग आणला कशाला?” प्रश्न बिनतोड होता. तिला गणिताचा कंटाळा आला आहे. निदान तो आला आहे असे तिने ठरविले आहे. त्या वयात ठरविलेला कंटाळा जन्मभर पुरतो, म्हणून मी तिला स्वयंपाकघरात नेले.

तिथे तिची आई, म्हणजे माझी ताई, चकल्या पाडीत बसली होती. चकलीचा आकार काही साधासुधा नव्हे. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात या वक्रावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याने केलेली व्याख्या अशी: एक रेषा आपल्या एका टोकाभोवती सारख्या गतीने फिरते आहे, आणि त्याच वेळी एक बिंदू त्या टोकापासून निघून तिच्यावरून सारख्या गतीने बाहेर चालला आहे, त्या बिंदूची वाट म्हणजे हा वक्र. मी ताईला विचारले, “चकली कशी पाडतेस ग?” ती म्हणाली, “कशी म्हणजे? सोऱ्या गोल फिरवायचा, आणि फिरवता फिरवता जरा जरा बाहेर घ्यायचा.” आर्किमिडीजने तरी याहून निराळे काय सांगितले?

आता हात जितक्या कोनातून फिरला तो कोन म्हणजे ट. मध्यापासूनचे अंतरही त्याच हिशेबाने वाढते; मोजमाप सोयीचे घेतले तर तेही ट इतकेच. मग क्ष म्हणजे ट गुणिले टची कोज्या, आणि य म्हणजे ट गुणिले टची ज्या. संपले! ताईची दोन वाक्ये, गणिताची दोन समीकरणे. त्यातून टला हाकलून दिले, तर उरते ते असे: य भागिले क्ष बरोबर, क्ष आणि य यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाची स्पर्शज्या. हे वाचताना धाप लागते ती लागतेच. वर ते बरोबरही नाही. स्पर्शज्येची किंमत अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा तीच येते, त्यामुळे या समीकरणाचा आलेख काढला की एका चकलीच्या जागी एकमेकींत गुंतलेल्या दोन चकल्या मिळतात. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, याचा तर पत्ताच नसतो. ताई अशी चकली तळणीत टाकणार नाही.

ट म्हणजे नेहमी कोनच असतो किंवा काळच असतो, असेही नाही. ज्याची त्रिज्या १ आहे अशा वर्तुळासाठी क्ष = (१ − ट²) / (१ + ट²) आणि य = २ट / (१ + ट²) असे लिहिता येते. इथे टला १/२ दिला की क्ष ३/५ आणि य ४/५ येतो. २/३ दिला की ५/१३ आणि १२/१३. ३/४ दिला की ७/२५ आणि २४/२५. तीन-चार, पाच-बारा, सात-चोवीस: वेदीची आखणी सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात आलेल्याच या जोड्या. भाचीने पेन्सिल मागून घेतली आणि पुढचे दोन-तीन तिचे तिने काढले.

परंतु मला टचा खरा धाक आहे तो निराळ्या कारणाने. दोन वाटा एकमेकींना छेदतात की नाही, हे क्ष आणि य सांगतील. वाटसरूंची गाठ पडेल की नाही, हे मात्र ते सांगू शकत नाहीत. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ हा अमेरिकी उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा निकामी झालेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. कक्षा तर आकाशात कितीतरी उपग्रहांच्या छेदतात. या दोघांचा टसुद्धा जुळला, आणि दोहोंचे तुकडे तुकडे झाले.

माझे वडील एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात मास्तर होते. एकेरी मार्गावर वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाडीची वाट एकच. तिथे क्ष आणि य यांचे समीकरण अपघाताचेच समीकरण असते. माणसे वाचतात ती केवळ टमुळे. एकदा वडिलांनी मला कंट्रोल कचेरीतला तक्ता दाखविला होता. आडवे तास, उभी स्टेशने, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. दोन विरुद्ध रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा स्टेशनच्या ओळीवरच आली पाहिजे. मधे आली तर काय होईल, हे त्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. रात्री टोकनची कडी हातात धरून ते फलाटावर उभे राहत. ते टोकन हाती पडल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात गाडी घालायची नाही, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघायचे. दोन्ही गाड्या येऊन शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या की वडील आधी घड्याळ बघत, नोंदवहीत वेळ लिहीत, आणि मगच तोवर निवलेला चहा घेत.