लोकलमध्ये गावचा माणूस भेटला तर



एस.टी.त ओळखीचा माणूस भेटला की आपण काय करतो? आधी सरकून जागा देतो, मग तिकीट कोणी काढायचे यावरून ओढाताण करतो आणि पाऊसपाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळी विचारपूस करतो. ही आपली रीत चांगलीच आहे. पण नवी मुंबईच्या लोकलमध्ये मी हीच रीत धरून बसलो आणि माझ्यामुळे एका घरात अढी पडली. म्हणून हे लिहितो.

शेतकऱ्यांना घाऊक बाजार दाखवायला मी वाशीला गेलो होतो. भाजीपाल्याचा व फळांचा हा बाजार १९९६ साली मुंबई शहरातून तिकडे हलला. तेव्हापासून आपल्या घाटावरच्या गावांचे त्याच्याशी नाते जडले आहे. कोणाचा माल तिथे जातो, तर कोणाचा मुलगा तिथे माथाडी कामगार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाशीहून ठाण्याच्या गाडीत बसलो. हा मार्ग २००४ साली सुरू झाला. तुर्भे स्टेशनवर आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा चढला. मला पाहून त्याने लांबूनच हात वर केला, मान हलवली आणि दांडीला धरून डोळे मिटले. पुढच्याच कोपरखैरणे स्टेशनला तो उतरूनही गेला.

मला राग आला. गावी परतल्यावर मी त्याच्या वडिलांना सहज बोलून गेलो, "चिरंजीवांना आता ओळख द्यायला जड जातं वाटतं." म्हातारा काही बोलला नाही. पण मुलाला फोन करायचे त्याने बंद केले. दिवाळीला मुलगा घरी आला, तर बाप धड बोलेना. शेवटी त्याच्या आईने मला बोलावून घेतले.

मुलगा म्हणाला, "साहेब, रात्रभर पाठीवर गोण्या होत्या. एकच स्टेशन जायचं होतं. मधल्या माणसांच्या डोक्यावरून ओरडून काय बोलणार? हात केला, तेवढं पुरे वाटलं."

त्याचे बरोबर होते. भाजीच्या गाड्या रात्रीच येऊ लागतात, पहाटे व्यापार चालतो आणि सकाळी हे कामगार घरी परततात. त्यात लोकल स्टेशनवर थांबते ती अर्धा मिनिट, कधी त्याहूनही कमी. मी तिथेच वडिलांना म्हणालो, "चूक माझी आहे, पोराची नाही."

तेव्हा वाचकहो, तिकडे गेलात तर एवढे ध्यानात ठेवा. ओळखीचा दिसला तर हात करा. त्याने नुसती मान हलवली तरी ती रामरामच समजा. दारात उभे राहून बोलू नका, उतरणाऱ्यांची वाट अडते. तीन जणांच्या बाकावर चौथा टेकतो, ही तिथली पद्धत आहे. कोणी "जरा सरका" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. ओळखीचा माणूस पहिल्या वर्गाच्या डब्यात चढला आणि तुमचे तिकीट दुसऱ्या वर्गाचे असले, तर गप्पांच्या नादात त्याच्यामागे चढू नका, दंड भरावा लागेल. गावची सून-लेक बायकांच्या डब्यात दिसली, तर बाहेरून नावाने हाका मारू नका. आणि कर्ज, वाटणी, आजार, लग्न ही बोलणी गर्दीत काढू नका. समोरचा त्याच्या कचेरीतल्या माणसांबरोबर असू शकतो.

बोलायचेच असेल तर "कुठे उतरणार?" एवढे विचारा. एकाच स्टेशनला उतरणार असाल तर फलाटावर बाजूला थांबा, चहा घ्या, मग हवे तेवढे बोला. नाहीतर संध्याकाळी फोन करा.

आणि गावी परतल्यावर त्याच्या घरी निरोप द्या, "पोरगा भेटला होता, बरा आहे." मी एवढेच सांगितले असते, तर त्या घरची दिवाळी गोड झाली असती.