भावाचं रिव्हॉल्व्हर आणि आपल्याकडचं लायसन

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण हत्याराच्या लायसनसाठी "कलेक्टर ऑफिसात जरा शब्द टाका" म्हणून ज्यांनी मला गाठलंय, त्यांनी मात्र पूर्ण वाचा. म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसावं लागणार नाही.

झालं असं, की मी अमेरिकेत चुलत भावाकडे महिनाभर राहून आलो. ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ असतो तो. आल्यावर टपरीवर चहा पिताना मोबाईलमधले फोटो दाखवत होतो. नायगारा बघून कोणी फारसं काही बोललं नाही. पण भावाने घेतलेल्या जुन्या स्टीलच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो आला आणि मोबाईल या हातातून त्या हातात फिरायला लागला. केवढ्याला पडलं, किती लांब जाते गोळी, इकडं आणता येतं का! पुढच्या आठ दिवसांत तीन जणांनी मला एकेकटं गाठलं. तिघांचे अर्ज पडून आहेत आणि तिघांनाही पत्रकाराची ओळख लावायची आहे.

आधी त्या रिव्हॉल्व्हरबद्दल सांगतो. कारण वस्तू खरंच देखणी आहे, आणि मी बंदुकीच्या नावाने बोटं मोडणारा माणूस नाही.

स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल ६०. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डचं. १९६५ साली ते बाजारात आलं. नेहमीच्या उत्पादनातलं स्टेनलेस स्टीलचं हे पहिलं रिव्हॉल्व्हर. त्याआधी रिव्हॉल्व्हर म्हणजे साधं पोलाद, त्यावर निळसर काळा थर नाहीतर निकेलचा मुलामा. साध्या कपड्यातले पोलीस ते अंगालगत बाळगायचे आणि घामाने त्याला गंज चढायचा. त्यावर तोड म्हणून अख्खं हत्यारच स्टेनलेसचं केलं. पाच गोळ्या, जेमतेम दोन इंचांची नळी, वजन अर्धा किलोच्या थोडं वर. बंद मुठीपेक्षा जरा मोठं.

यातली गंमत बघा. स्टेनलेस स्टील म्हटलं की आपल्याला लग्नात आलेली, नाव कोरलेली भांडी आठवतात. पण इंग्लंडमधल्या शेफील्डचे हॅरी ब्रेअर्ली १९१३ साली रायफलच्या नळीसाठी धातू शोधत होते. गोळीबाराच्या उष्णतेने नळी आतून झिजते, ती झिजू नये म्हणून क्रोमियम मिसळून प्रयोग चालले होते. त्यातून न गंजणारं पोलाद हाती लागलं, आणि ते आधी गेलं सुऱ्या-काट्यांकडे. पुढे आपल्या स्वयंपाकघरात आलं. खिशातल्या रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचायला त्याला मध्ये पन्नास वर्षं लागली.

भावाला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. काकांचं आपल्या गावात लेथ वर्कशॉप होतं. शाळा सुटली की हा तिथे. कुठलाही यंत्राचा भाग हातात आला की आधी नखाने सांधा तपासणार. तिकडे दुकानात गेलो तेव्हाही हेच. दुकानदाराने काचेखालून तीन जुनी रिव्हॉल्व्हरं काढली. याने आधी सिलिंडर बाहेर काढून पाचही घरं रिकामी आहेत ते बघितलं. सिलिंडरच्या आड, चौकटीच्या आतल्या बाजूला मॉडेलचा आकडा ठोकलेला असतो, तो वाचला. नळी फ्रेममध्ये बसवून वर आडवी पिन मारलेली आहे का ते बघितलं. ही पिन कंपनीने १९८२ च्या सुमाराला बंद केली, त्यामुळे पिन असली की माल त्याआधीचा. पुढे २००० नंतरच्या मालात बाजूला किल्लीचं बारीक भोक आलं, ते जुन्याच्या शौकिनांना अजिबात आवडत नाही.

मग खिशातून चक्क फीलर गेज काढलं! नळी आणि सिलिंडर यांच्यात फट किती, ते मोजलं. सहा थाऊ. लेथवाल्यांना थाऊ म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी: इंचाचा हजारावा भाग. फट फार वाढली असेल तर माल झिजलेला. घोडा हळूहळू मागे ओढून प्रत्येक घर नळीसमोर नीट अडकतंय का, तेही बघितलं. काका बेअरिंग तपासायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा. साडेसहाशे डॉलरला सौदा झाला. आपले पंचावन्न हजारांच्या आसपास.

कागदपत्रं म्हणाल तर एक सरकारी फॉर्म आणि ओळखपत्र. कधी मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, अमली पदार्थ घेता का, घरातल्यांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न. दुकानदाराने संगणकावर तपासणी लावली आणि काही मिनिटांत होकार आला. आपल्याकडे रेशनकार्डात नाव वाढवायला याहून जास्त वेळ लागतो. ओहायोत तर जून २०२२ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हत्यार लपवून जवळ बाळगायलाही परवाना लागत नाही. हे मला पटलं नाही आणि मी तिथेच भावाला तसं म्हटलं. तो म्हणाला, "दादा, मलाही पटत नाही. पण म्हणून मी चांगली वस्तू सोडू का?"

शनिवारी रेंजवर गेलो. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथला केंद्रीय कायदा साधारणपणे हत्यार जवळ बाळगू देत नाही. शिकारीचं लायसन वगैरे अपवाद आहेत, पण आपण कशाला त्यात पडा. मी कानावर मफ लावून काचेमागे बसलो.

एवढी आखूड नळी असली की नेम धरायचे दोन बिंदू अगदी जवळ येतात, हात केसभर हलला तरी गोळी वीतभर भरकटते. नुसता चाप ओढून मारायचं तर चाप जड. आधी घोडा मागे ओढून ठेवला तर तोच चाप हलका. पहिल्या पाच गोळ्या ताटभर पसरल्या. पन्नास गोळ्यांची पेटी संपेपर्यंत वाटीएवढ्या जागेत यायला लागल्या. अंतर होतं सात यार्ड, म्हणजे आपल्या ओसरीपासून अंगणातल्या तुळशीपर्यंत. सिनेमात धावत्या जीपवरून उडवतात ते विसरा. बाहेर आला तेव्हा घामाघूम आणि खूश. "लेथवर माझं पहिलं बुश असंच वाकडं निघालं होतं," म्हणाला.

घरी आल्यावर तासभर साफसफाई. नळीतून ब्रश, तेलाचा वास, सिलिंडरच्या तोंडावर पाच काळी वर्तुळं. स्टेनलेसवर ती जास्तच उठून दिसतात. त्याने ती पूर्ण घासून काढली नाहीत. जास्त घासलं की जुन्या वस्तूची रया जाते म्हणाला. स्टेनलेसलाही गंज चढतो बरं का, ओलीत तसंच टाकलं तर. नुसतं नावावर जाऊ नका.

हा सगळा आनंद मी डोळ्याने बघितला आणि तो खरा होता. त्यात कुठे मिशीवर ताव नव्हता, स्टेटस नव्हता. शेजाऱ्यालाही ठाऊक नाही याच्याकडे काय आहे.

पण त्याच घरात आमची भावजय आहे. तिने महिनाभर आधी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं: आधी तिजोरी, मग रिव्हॉल्व्हर. तिजोरी भिंतीला बोल्ट केलेली, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आकडा फक्त दोघांना माहीत. मी सहज म्हटलं, चोर आला तर एवढं उघडेपर्यंत तो निघूनही जाईल. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "दादा, चोर येईल तेव्हा येईल. घरात सोळा वर्षांचा मुलगा रोज आहे."

मी गप्प झालो. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. दरोडे नव्हेत, टोळीयुद्ध नव्हे. आणि हे समजायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. वीस वर्षं या तालुक्यात बातम्या लिहितोय. किती घरांत मी ऐकलंय, की भांडण साधंच होतं, पण फवारणीचं औषध घरातच होतं. रागाचा, निराशेचा क्षण निघून जातो. तो निघून जाईपर्यंत हाताशी काय आहे, यावर माणूस राहतो की जातो ते ठरतं. (मनात तसं काही येत असेल तर जवळच्या माणसाशी बोला, नाहीतर १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.)

आता आपल्याकडचं.

विदेशातून रिव्हॉल्व्हर विकत घेऊन इकडं आणता येतं का? सामान्य माणसाला नाही. नामांकित नेमबाजांसाठी वगैरे वेगळे नियम आहेत. ऐंशीच्या दशकात आयात जवळपास बंद झाली. म्हणून देशात आधीच असलेल्या जुन्या विदेशी मालाचे भाव लाखांत गेले. लायसनवाल्यांकडे बहुतेक दिसतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअर.

लायसन देतो जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्त. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचं प्रमाणपत्र, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, सगळं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. आणि वरातीत हौसेखातर गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीचं मुद्दाम लिहिलं. लग्नसराई जवळ आली आहे.

कागदावर आपला कायदा ओहायोपेक्षा कितीतरी कडक. तरी डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग महाराष्ट्राला कळलं, की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने वाटलेले आहेत. त्यात गुन्हे दाखल असलेलेही होते. नंतर परवाने रद्द करायला सुरुवात झाली. हे परवाने आभाळातून पडले नव्हते. प्रत्येक फाईलमागे कोणी ना कोणी शब्द टाकलेला असणार, असं माझं मत आहे. म्हणून माझा शब्द मिळणार नाही.

तिघांपैकी एक ठेकेदार. त्याला कमरेला दिसलं पाहिजे. तसं तो स्वतःच म्हणाला, "साहेब, टेंडरला बसलं की वट लागते." दुसरा तरुण कार्यकर्ता, त्याला "मागे माणसं लागलीत". कोण, विचारलं तर नाव सांगत नाही, तक्रारही नाही. तलवारीने केक कापून गुन्हे अंगावर घेणारी पोरं आपण बघतोच आहोत. त्यातलं हे पुढचं पाऊल आहे. या दोघांबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

तिसरा माझा जुना मित्र आहे, बागायतदार, आणि त्याचं दुखणं खोटं नाही. मळ्यात वस्ती, बायको-पोरं, म्हातारी आई. वर्षात दोनदा विहिरीवरची केबल कापून नेली, एकदा मोटारच उचलली. रात्री कुत्री भुंकली की घर जागं होतं. त्याला वाटतं, रिव्हॉल्व्हर असलं की सुटलो.

मित्रा, केबल चोरणाऱ्यावर गोळी झाडलीस आणि तो मेला, तर आत तू जाशील. मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्याची मुभा न्याय संहितेच्या कलम ४१ ने मोजक्याच प्रसंगांत दिली आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरीच अशी की जीवाला नाहीतर गंभीर दुखापतीला खरंच धोका आहे. अंधारात पळणारा चोर त्यात बसत नाही. आणि माझा भाऊ उजेडात, कोणी मागे लागलेलं नसताना, सात यार्डांवरून ताटभर चुकत होता. तू अंधारात, झोपेतून उठून, कडेला आई उभी असताना काय करणार? वर आचारसंहिता लागली की हत्यार बहुधा पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येणार. गेल्या काही वर्षांत निवडणुका किती झाल्या ते मोज.

तुझ्या चोरीचं मात्र मी अंगावर घेतो. आपल्या शिवारातल्या केबल आणि मोटारींच्या चोऱ्यांपैकी किती नोंदल्या गेल्या, रात्रीची गस्त कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे विचारायला सोमवारी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. ज्यांची केबल, मोटार, स्टार्टर गेलाय त्यांनी गाव, तारीख आणि तक्रार दिली असेल तर तिचा नंबर मला इनबॉक्समध्ये पाठवा. तक्रार घेतलीच नसेल तर तेही लिहा. रविवारी संध्याकाळपर्यंत आलेली नावं यादीत घेतो.