गोरे सरांचं देणं

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये मी एमएसडब्ल्यूला गेले तेव्हा डॉ. माधव सदाशिव गोरे तिथून निवृत्त होऊन गेले होते. १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षं ते संचालक. त्यांच्या काळातच, १९६४ साली, संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधी दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कचे प्राचार्य, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, १९७५ला पद्मभूषण. त्यांचा एकही तास माझ्या वाट्याला आला नाही. इथे एकलव्याचा दाखला द्यायचा मोह होतो, पण त्या गोष्टीत गुरू अंगठा मागतो. गोरे सरांनी माझ्याकडून काहीच मागितलं नाही. उलट माझी सगळी नोकरी त्यांच्या एका पुस्तकावर निभावली.

नोकरी तालुक्याच्या गावातल्या कुटुंब सल्ला केंद्रात. टेबलासमोर बाई बसायची, बरोबर भाऊ किंवा बाप, आणि तक्रार ठरलेली: सासू जाच करते, नवरा तिच्यापुढे तोंड उघडत नाही. आम्ही केस रेकॉर्डमध्ये लिहायचो, 'सासू हेकट, नवरा दुबळ्या मनाचा'. मग सासूची समजूत काढायची, नवऱ्याला चार शब्द सुनवायचे आणि दोघांच्या सह्या घेऊन नांदायला पाठवायचं. पुष्कळ जणी सहा-आठ महिन्यांत पुन्हा दारात.

त्या सुमाराला गोरे सरांचं 'अर्बनायझेशन अँड फॅमिली चेंज' मी नीट वाचलं. पुस्तक १९६८चं, पण त्यामागचं काम त्याआधीचं, कोलंबिया विद्यापीठातल्या पीएच.डी.चं. दिल्ली आणि आसपासच्या जवळजवळ पाचशे अग्रवाल कुटुंबांची ती पाहणी. कारखाने आले, शहरं वाढली की एकत्र कुटुंब मोडून राजाराणीचा संसार उरणार, असं तेव्हा जगभरचे समाजशास्त्रज्ञ धरून चालले होते. गोरे सरांनी घरोघरची उत्तरं तपासली. शिक्षणानं आणि शहरानं लोकांची मतं थोडीफार हलली होती, पण घराचा कारभार बराचसा जुन्याच वळणाचा होता.

मला मात्र धरून ठेवलं ते त्यांच्या मांडणीनं. एकत्र कुटुंब म्हणजे सामाईक मालमत्तेचे वाटेकरी पुरुष आणि त्यांच्या आधारानं राहणारी बाकीची माणसं. हे घर टिकायचं तर बापलेक आणि भाऊभाऊ एक राहायला हवेत, आणि त्याला धोका नवरा-बायकोच्या जवळिकीचा. ती दोघं एकमेकांची फार झाली की दुसरी चूल मांडली जाते. म्हणून चारचौघांत बोलायचं नाही, स्वतःच्या लेकराला वडीलधाऱ्यांसमोर उचलून घ्यायचं नाही, आणि मुलाचा ओढा लग्नानंतरही आईकडेच राहायचा. सासूचा हेकटपणा हा तिचा एकटीचा स्वभाव नव्हे, घरानं तिला नेमून दिलेलं ते काम आहे. सून म्हणून तिनंही तेच सोसलेलं असतं.

त्यानंतर माझे प्रश्न बदलले. 'सासू काय बोलली?' हे मी शेवटी विचारू लागले. आधी: पगार कोणाच्या हातात देतो? जमीन कोणाच्या नावावर? तुम्ही दोघं बोलता कधी? या तिसऱ्या प्रश्नाला बायका हसायच्या, काही रडायच्या. बैठकीला सासूऐवजी सासरे आणि मोठा दीर यांना बोलवायला लागले, कारण नाड्या त्यांच्या हातात. सगळे संसार सावरले असं नाही. पण आपण कशाशी झुंजतोय ते तरी कळलं.

गोरे सरांचं गद्य कोरडं, हे सांगायला हवं. कोष्टकामागून कोष्टक, किस्सा औषधालाही नाही. माझ्या कित्येक सहकाऱ्यांनी तिसऱ्या पानावर हात टेकले. मला तो कोरडेपणा पुढे आवडू लागला. आमच्या क्षेत्रात हळहळ मुबलक असते. ती बाजूला ठेवून मोजायला बसणारा माणूस विरळा.

दुसरं देणं उशिरा कळलं. साठीनंतर सर महाराष्ट्राकडे वळले: १९८९ला ब्राह्मणेतर चळवळीवर पुस्तक, १९९०ला विठ्ठल रामजी शिंद्यांवर, १९९३ला आंबेडकरांच्या विचारांवर. समाजकार्याचा इतिहास म्हणून आमच्या वर्गात अमेरिकेतली मेरी रिचमंड घोकली जायची. तिचं 'सोशल डायग्नोसिस' १९१७चं. महर्षी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं ते १९०६ला, म्हणजे अकरा वर्षं आधी, आणि आमची टाटा इन्स्टिट्यूट नागपाड्यात सुरू झाली त्याच्या तीस वर्षं आधी. 'केसवर्क' आमचं आणि जातीचा प्रश्न पुढाऱ्यांचा, अशी सोयीची वाटणी आम्ही करून ठेवली होती. ज्यांनी आयुष्यभर समाजकार्याचं शिक्षण उभं केलं त्यांनीच उतारवयात शिंदे-आंबेडकर हाती घेतले, तेव्हा ती वाटणी माझ्यापुरती संपली. केंद्रात येणाऱ्या बाईची जात मी रेकॉर्डच्या रकान्यात भरत होते. तिच्या मागे माहेर उभं राहील का, पोलीस पाटील तिचं ऐकेल का, हे त्या रकान्याशी जोडून पाहायला मी तेव्हापासून लागले.

आता केंद्रात नवीन समुपदेशक आहे, हुशार मुलगी. पुस्तकातल्या एका प्रकरणाची झेरॉक्स तिला दिली तर म्हणाली, "मॅडम, हे साठ वर्षांपूर्वीचं. आता जोडपी पुण्यात टू बीएचकेत राहतात." मी म्हटलं, "त्या फ्लॅटचे पैसे कोणी घातलेत आणि सासूचा फोन दिवसातून किती वेळा येतो, एवढं तुझ्या पुढच्या दहा केसमध्ये विचारून बघ." तिनं विचारायला सुरुवात केली आहे. काही उत्तरं गोरे सरांच्या बाजूची निघताहेत, काही तिच्या, आणि चहाच्या वेळी आमचं भांडण रंगतं.