टिपू, गुलाब आणि एरंडाची पेंड

या अंकासाठी "बागकामावर काहीतरी लिहा" असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा गुलाबाची छाटणी कशी करावी याविषयी चार गोष्टी लिहून द्याव्यात असे मनात आले होते. पण बागेने मला दिलेला सर्वांत मोठा धडा छाटणीचा नाही. तो धडा आमच्या घरच्या कुत्र्यामुळे मिळाला आणि तो शिकताना त्या मुक्या जिवाचे प्राण जाता जाता वाचले. ज्यांच्या घरी झाडेही आहेत आणि कुत्रे-मांजरही आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तोच प्रसंग लिहितो.

बागेचा नाद मला लहानपणापासूनचा. आमचे बालपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेले. तिथे अंगण फरसबंद. माती काय ती तुळशीवृंदावनात. फुले पाहायची तर कामाटी बागेत जायचे. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८७९ साली ही बाग लोकांसाठी उभारली. रविवारी वडिलांचे बोट धरून तिथे जावे आणि माळी वाफे कसे बांधतात ते बघत उभे राहावे, हाच आमचा विरंगुळा. पुढे याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, सोसायटीत घर झाले आणि घराभोवती थोडी मोकळी जमीन मिळाली. तिथे मी चौदा गुलाब लावले. शिवाय मोगरा, जास्वंद, मिरची-वांग्याचा छोटा वाफा आणि दाराशी तुळस.

२०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या नातवाने एक पिल्लू घरी आणले. उभ्या असलेल्या एका गाडीखाली ते थंडीत कुडकुडत बसले होते म्हणे. अंग तपकिरी आणि कपाळावर पांढरा टिपका, म्हणून नाव ठेवले टिपू. हिवाळाभर त्याचे कौतुक चालले. उन्हाळा आला आणि आमच्या दोघांत वैर सुरू झाले.

बडोद्याचा मे महिना काय असतो ते वाचकांना सांगायला नको. दुपारी सगळे झोपले की टिपू गुलाबाच्या आळ्यात शिरायचा, पुढच्या पायांनी ओली माती उकरायचा आणि त्या खड्ड्यात पोट टेकून निवांत पडायचा. संध्याकाळी पाहावे तर मुळे उघडी पडलेली. दोन गुलाब असे गेले. तुळशीच्या कुंडीवर रोज पाय वर केल्यामुळे तिची एका बाजूची पाने करपली. त्यातच शेजारची मांजर मिरचीच्या वाफ्यात येऊन आपला विधी उरकू लागली.

मग मी उपाय सुरू केले. ज्याने जो सांगितला तो केला. एकाने सांगितले, निळीचे पाणी भरून बाटल्या ठेवा, कुत्री फिरकत नाहीत. ठेवल्या. टिपूने त्यातली एक ओढत व्हरांड्यात आणली आणि दिवसभर तिच्याशी खेळला. मग लाल तिखट भुरभुरले. ते त्याच्या नाकात गेले आणि तो तासभर पंजाने तोंड चोळत राहिला. पण दुसऱ्या दिवशी पाणी घालताच तिखट वाहून गेले आणि तो पुन्हा तिथेच. मग आळ्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्याही विषारी असतात, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

एके दिवशी माझा सर्वांत आवडता गुलाब मुळासकट उपटलेला दिसला आणि माझा तोल गेला. घरात सगळ्यांसमोर मी म्हणालो, "या घरात एक तर माझी झाडं राहतील, नाही तर हे कुत्रं!" नातू तेव्हा पाचवीत होता. तो काहीच बोलला नाही. टिपूला घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला. मी ते वाक्य दुसऱ्या दिवशी विसरलो.

पावसाळा गेला. गुलाबाची छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात करतात आणि छाटणीनंतर खत देतात. दसरा झाल्यावर शनिवारी, ८ ऑक्टोबर २०२२ रोजी, मी छाटणी केली आणि बाजारातून सुटे आणलेले खत प्रत्येक आळ्यात दोन-दोन मुठी घालून मातीत मिसळले. एरंडाची पेंड आणि हाडांचा चुरा असे ते मिश्रण. दोन्ही वस्तू नैसर्गिक. रासायनिक खत नको, घरात लहान मूल आहे, कुत्रे आहे, असा विचार करूनच ते आणले होते.

रविवारी सकाळी पाहतो तर चार आळी उकरलेली. मी टिपूवर खेकसलो, माती सारखी केली आणि विषय संपवला. दुपारपासून तो उलट्या करू लागला. "काहीतरी उष्टंमाष्टं खाल्लं असेल," असे मी म्हणालो. त्या दिवशी कोजागरी होती. गच्चीवर आटवायला दूध ठेवले होते, शेजारपाजारचे येणार होते. संध्याकाळी नातू धावत आला, "आजोबा, टिपूला रक्त पडतंय!"

रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. डॉक्टरांना घरी फोन केला. ते भले गृहस्थ, अर्ध्या तासात येऊन त्यांनी दवाखाना उघडला. मुलाने टिपूला टेबलावर ठेवले. तो मान उचलत नव्हता. डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? मी म्हणालो, विशेष काही नाही, गुलाबाला घातलेले खत थोडे उकरले होते, पण ते सेंद्रिय आहे. त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दिवेली खोळ तो नथी नाख्यो ने?"

दिवेली खोळ म्हणजेच आपली एरंडाची पेंड.

पुढे त्यांनी जे सांगितले ते मी उभ्या उभ्या ऐकत होतो आणि माझे पाय गळत होते. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचे जहाल विष असते. बी घाण्यात पिळले की तेल बाहेर येते, पण ते विष तेलात उतरत नाही, पेंडीतच राहते. पुरेशी उष्णता दिली तर ते निकामी होते. पण सुट्या मालावर तशी प्रक्रिया झाली आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. कुत्र्याला तो वास खाण्याचा वाटतो आणि त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला म्हणजे त्याला ती मेजवानीच. लक्षणे लगेच दिसत नाहीत, कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. खाल्ल्याबरोबर आणले तर उलटी करवून बरेच विष बाहेर काढता येते. एकदा ते अंगात भिनले की त्यावर उतारा नाही. सलाइन द्यायचे, उलट्या थांबवायच्या आणि वाट पाहायची.

मी किती वर्षे शाळेत एरंडाच्या बीची आकृती फळ्यावर काढली! द्विदल असूनही भ्रूणपोष असलेले बी, याचे उदाहरण म्हणून एरंड पाठच करून घ्यायचो. वर्गात बिया फिरवायचो, मुले त्या हातात घेऊन बघायची. देशातला बहुतेक एरंड आपल्या गुजरातेत पिकतो, बनासकांठा आणि मेहसाणा हे जिल्हे त्यासाठी प्रसिद्ध, हेही सांगायचो. पण ही बी खाल्ली तर जीव जाऊ शकतो, हे मी एकाही वर्गाला सांगितल्याचे मला आठवत नाही. आकृतीला पाच गुण होते, विषाला एकही नव्हता.

रात्री घरी आलो. दूध तसेच गार झाले होते. नातू मागच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "आजोबा, तुम्ही मुद्दाम नाही ना दिलंत?"

एवढ्या आयुष्यात मला कोणी इतका कठीण प्रश्न विचारला नसेल. मला राग आला नाही. उन्हाळ्यातले माझे वाक्य मी विसरलो होतो, पण त्याने ते जपून ठेवले होते. "नाही रे बाळा," मी म्हणालो, "पण मी न विचारता, न वाचता दिलं. चूक माझीच आहे." त्याने मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळले नाही.

चार दिवस सलाइन चालले. पाचव्या दिवशी टिपूने सूनबाईच्या हातून दोन घोट पातळ ताक-भात खाल्ला आणि शेपटी एकदाच हलवली. दिवाळीपर्यंत तो उठून फिरू लागला. सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर मी आणि नातवाने मिळून बाग नव्याने लावली. आधी मी 'टिपूला कसे अडवायचे' असा विचार करत होतो. आता आम्ही दोघांनी वहीत लिहिले : 'टिपू असे का करतो?' आणि एकेका कारणाला उत्तर शोधले.

तो उन्हाळ्यात उकरतो, कारण त्याला गारवा हवा असतो. म्हणून कडुनिंबाच्या सावलीत त्याच्यासाठी तीन फूट लांब, दोन फूट रुंद खड्डा खणून त्यात वाळू भरली. दुपारी त्यावर पाणी शिंपडतो. पहिले काही दिवस नातवाने त्यात बिस्किटे पुरली. आता टिपू आपण होऊन तिथेच जातो. तो इतर वेळी उकरतो तो कंटाळा आल्यामुळे; सकाळ-संध्याकाळ फिरवून आणले की पुष्कळसा उपद्रव कमी होतो.

तुळशीची कुंडी विटांचा ओटा करून उंच ठेवली. आपल्या वाडवडिलांच्या वृंदावनाची उंची किती सोयीची होती, हे तेव्हा पटले. जमिनीवरच्या झाडावर कुत्र्याने मूत्र टाकलेच, तर लगेच भरपूर पाणी ओतावे. मूत्रातल्या नत्राने आणि क्षारांनी पाने करपतात. ते पातळ झाले की सहसा नुकसान होत नाही.

मांजरीला हवी असते मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती. वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरली आणि तिच्या भोकांतून रोपे वर येऊ दिली. कुंड्यांत मातीवर गोटे आणि नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या. उकरायला जागाच नाही म्हटल्यावर मांजर दुसरीकडे गेली. कोवळ्या रोपांवर भाजीची जुनी जाळीची टोपली पालथी घालतो आणि वर एक वीट ठेवतो. संत्र्याच्या साली टाकूनही पाहिल्या. त्या ताज्या असेपर्यंत मांजर दूर राहते, पण वाळल्या की काही उपयोग नाही.

खतांचे म्हणाल तर एरंडाची पेंड आणि हाडांचा चुरा आमच्या फाटकाच्या आत येत नाही. गांडूळ खत आणि नीट कुजलेला पालापाचोळा यांवर गुलाब छान फुलतात. कोणतेही खत घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवतो. डांबराच्या गोळ्या त्याच दिवशी काढून टाकल्या. गोगलगायी मारायच्या गोळ्या आणि उंदराचे औषध हीसुद्धा कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतणारी आहेत.

झाडांकडेही त्याच नजरेने पाहिले. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर, आणि सायकस ही झाडे चघळली तर प्राण्यांना (आणि माणसांनाही) धोका असतो. लिलीची फुले घरात आणत असाल आणि मांजर असेल, तर आणूच नका. मांजरीला लिलीचे परागकणही घातक ठरतात. आमची कण्हेर आम्ही कुंपणाबाहेर नेली नाही, मुळासकट काढली. बाहेरही कुणाची तरी गाय, कुणाचे तरी कुत्रे असतेच.

पालकांना एक विनंती. आज घरी गेल्यावर खताचा डबा उघडून त्यात काय आहे ते पाहा. सुटे आणले असेल तर दुकानदाराला नाव विचारून डब्यावर चिठ्ठी लावा. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि मुलांनो, तुमच्या कुत्र्याने खत किंवा औषध खाल्लेले दिसले, तर मोठी माणसे रागावतील म्हणून लपवू नका. त्याच क्षणी सांगा. आमच्याकडे एक सकाळ वाया गेली, ती मी रागावण्यात घालवली म्हणून.

विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही विनंती, की एरंडाच्या बीची आकृती काढाल तेव्हा तिच्याखाली एक ओळ जास्त लिहा : 'ही बी विषारी आहे.'

चौदापैकी अकरा गुलाब आज आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या एकाला पहिले फूल आले, तेव्हा नातवाने ते मला विचारून तोडले आणि टिपूच्या पट्ट्यात खोचले. टिपूने ते दोन मिनिटांत खाऊन टाकले. गुलाबाच्या पाकळ्या विषारी नाहीत, हे आम्ही दोघांनी आधीच पाहून ठेवले होते.