आधीं चूल, मग पंगत

शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेल्या मनुष्यास कांहीं तरी नाद लागतोच. माझ्या नातीच्या हट्टामुळें मला खाऱ्या पाण्यांतील मासे पाळून त्यांची वीण वाढविण्याचा नाद लागला. शाकाहारी ब्राह्मणाच्या घरीं मासे, हें ऐकून आप्तेष्ट हंसले. आमच्या सौ.नीं मात्र एकच प्रश्न केला, "अहो, आणाल खरे, पण त्यांचें कांहीं बरेंवाईट झालें, तर पाप कोणाच्या माथीं?" या प्रश्नाचें उत्तर मिळावयास मला तीन वर्षें लागलीं.

नातीस प्रथम समुद्रघोडा हवा होता. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो आपल्या देशांत संरक्षित असल्यामुळें तो विचार सोडावा लागला. मग आम्हीं क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक-मासा निवडला. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे आणि चालण्यांत थोडी लचक. संस्कृत नाटकांतील विदूषकाची आठवण व्हावी असेंच हें ध्यान! समुद्रांत तो समुद्रफुलाच्या आश्रयानें राहतो. घरीं मात्र त्यावांचून त्याचें अडत नाहीं, आडवी ठेवलेली मातीची कुंडी त्यास पुरते. जोडी लावणेंही सोपें. दोन लहान मासे एकत्र ठेवले, कीं त्यांतील वरचढ असेल तो मादी होतो आणि दुसरा नर.

समुद्राच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तसें पाणी सिद्ध करून मासे आणण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे थांबावें लागतें. कारण विष्ठेपासून होणारा विषारी अमोनिया पचविणारे जंतु टांकींत वाढावयास तेवढा अवधि लागतो. हें सर्व मीं निष्ठेनें केलें. तथापि आटलेलें पाणी मी खाऱ्या पाण्यानेंच भरून काढीत असें. पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें, ही गोष्ट मीं वर्गांत कित्येक वेळां शिकविली होती! घनतामापकानें कान उपटले, तेव्हां मी गोडें पाणी घालूं लागलों.

दीड वर्षानें कुंडीच्या कडेला नारिंगी अंडीं दिसलीं. नर रात्रंदिवस त्यांना परांनीं वारा घालीत होता. आठव्या रात्रीं दिवे मालवल्यावर अंडीं फुटलीं, आणि सुमारें तीनशें पिलें मीं वेगळ्या पात्रांत घेतलीं. मोठ्या माशांचेंच खाद्य बारीक कुटून त्यांना दिलें. पण त्यांनीं त्यास तोंडही लावलें नाहीं. चौथ्या दिवशीं एकही पिलूं उरलें नाहीं. त्यांना हलतें, जिवंत भक्ष्य लागतें. रोटिफर नांवाचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा जीव हिरव्या शेवाळाच्या पाण्यावर आधींच वाढवून ठेवावयास हवा होता. नात दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. सौ. एवढेंच म्हणाल्या, "पंगत बसल्यावर कोणी चूल पेटवितें का?"

तेव्हां माझी चूक उमगली. मासा निवडतांना मीं रंग पाहिला, काटकपणा पाहिला. त्याच्या पिलांचें तोंड केवढें, हें पाहिलेंच नाहीं. एंजलफिशसारखे सुंदर मासे आपलीं अंडीं उघड्या पाण्यांत सोडून देतात. त्यांचीं पिलें इतकीं सूक्ष्म असतात, कीं रोटिफरही त्यांना मोठा होतो. नवशिक्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यानें आरंभ करावा तो बंगाई कार्डिनल या रुपेरी अंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या माशानें. याचा नर अंडीं तोंडांत घेऊन जवळ जवळ महिनाभर निराहार राहतो. पिलें थोडींच, फार तर दोन-तीन डझन. पण चांगलीं वाढलेलीं बाहेर पडतात. आर्टेमियाचीं वाळलेलीं अंडीं खाऱ्या पाण्यांत एका दिवसांत फुटतात. त्यांतून निघणारे जीव तीं पहिल्याच दिवशीं खाऊं लागतात. मात्र हा मासा मूळचा इंडोनेशियांतील बंगाई बेटांपुरताच आहे. बेसुमार धरपकडीमुळें २००७ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें त्यास संकटग्रस्त ठरविलें; म्हणून समुद्रांतून धरलेला न घेतां टांकींत जन्मलेलाच मागून घ्यावा.

गेल्या वर्षीं आमच्या बंगाई नरानें चोवीस पिलें सोडलीं. त्यांतील एकोणीस जगलीं. पुढें रोटिफरच्या बरण्या नीट भरल्यावरच मी विदूषकाच्या अंड्यांकडे पुन्हा वळलों. या वेळीं अकरा पिलें वाढलीं, आणि त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे उमटतांना नातीनें स्वतः पाहिले. सौ. हल्लीं सकाळीं देवपूजेपूर्वीं त्या बरण्या उजेडांत धरून पाहतात.

त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला टाळतां येत नाहीं. त्या पहिल्या तीनशें जीवांचें पाप माझ्याच माथीं आहे. हा लेख वाचून कोणी आधीं चूल पेटविली, तर तें थोडें हलकें होईल.