खंडेनवमीच्या पाटावर

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या घरी पाट मांडला जाई. त्यावर विळी, अडकित्ता, गुळाच्या अडतीवरचा तराजू, रोजकीर्दीची वही आणि या सगळ्यांच्या मधोमध आबांचं रिव्हॉल्व्हर. ते मधून मोडून, रिकामं करून ठेवलेलं असे. सहा काडतुसं शेजारच्या ताम्हनात. आई एरवी त्याला शिवत नसे. त्या दिवशी मात्र हळदकुंकू लावी, झेंडूचं फूल वाही आणि हात जोडून पुटपुटे, "कपाटातच राहा रे बाबा."

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी घरातलं शस्त्र असं फुलाखालीच पाहिलं. आज माझा पुतण्या ते मोबाइलवर पाहतो. पुण्यात त्याचा बांधकामाचा धंदा आहे, धमक्यांचे फोन येऊन गेलेत, परवान्यासाठी त्याने अर्ज केलाय. परवा रात्री जेवणं झाल्यावर त्याने मला एकामागून एक चित्रं दाखवली. कानपूरचं 'निर्भीक', २०१४ साली आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. मग २०२३ चं 'प्रबळ', नळी ७६ मिलिमीटर, चक्री बाजूला उघडणारी. आणि मग अमेरिकेतलं एक आखूड, पाच गोळ्यांचं, .४४ बोअरचं. "काका, एवढंसं आहे, पण गोळी बघा केवढी! आपल्याकडे असं का मिळत नाही?" त्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरचं नाव 'बुलडॉग'. १९७३ पासून ते तिकडे बनतंय. नाव ऐकून मी जरा वेळ गप्पच झालो.

कारण आमच्या घरातही एक बुलडॉग होतं. आजोबांचं. विलायतेच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये 'ब्रिटिश बुलडॉग' या नावाचं आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढलं. कोटाच्या खिशात मावावं आणि गोळी मात्र जाड असावी, हीच त्याची कल्पना. पुढे बेल्जियमपासून अमेरिकेपर्यंत त्याच्या नकला झाल्या. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर झाडलेलं रिव्हॉल्व्हर याच जातीचं. आजोबांना ते कोल्हापूर संस्थानच्या काळात मिळालं. गुळाचे पैसे घेऊन रात्री बैलगाडीने परतताना ते बंडीच्या आतल्या खिशात असे.

त्या बुलडॉगच्या गोष्टी सांगताना आम्हा सगळ्यांचा ऊर भरून येतो. पण एक गोष्ट आम्ही नेहमी शेवटी सांगतो, खरं तर ती आधी सांगायला हवी. आजोबा ते भरलेलं ठेवत, उशीखाली. एका दिवाळीला सात वर्षांच्या थोरल्या काकांना ते सापडलं. टिकल्यांचं पिस्तूल समजून त्यांनी चाप ओढला. गोळी कोपऱ्यात रचलेल्या गुळाच्या ढेपेत शिरली. ढेपेच्या अलीकडे दोन हातांवर धाकटी आत्या बसली होती. ती वाचली हे नशीब. त्यात कुणाचीच खबरदारी नव्हती. त्या काळी घरात शस्त्र कसं ठेवावं हे शिकवायला कुणी नव्हतं आणि विचारायचं कुणाला सुचतही नव्हतं.

आता शिकवतात. २०१६ च्या नियमांनी परवान्याआधी सुरक्षित वापराचं प्रशिक्षण आणलं. प्रत्येक परवान्याला देशभरात एकमेव असा क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात आणि वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं. आमच्या लहानपणी परवाना मिळायचा तो ओळखीने. ज्याच्या वाड्याला आधीच चार कुलपं, त्याच्याकडे बंदूक. ज्याचा ऊस रानडुकरं फस्त करत, तो कचेरीच्या पायऱ्या झिजवत राही.

बुलडॉग घरातून गेलं ते १ ऑक्टोबर १९६२ ला नवा कायदा आणि नियम लागू झाल्यावर. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये लष्करी .४५५ किंवा .३८० चं काडतूस बसतं, ते निषिद्ध बोअरचं ठरलं. आजोबांच्यात .४५५ बसत होतं. त्यांनी ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून जमा केलं. पुतण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे, उरलेलं निम्मं आयातीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची वाट बंद झाली. म्हणून आपल्याकडे सामान्य माणसाची निवड .३२ वर येऊन थांबते.

आबांचीही तिथेच थांबली होती, पण थांबण्याआधी एक अख्खा दिवस गेला. १९७५ साल, मी बारा वर्षांचा. मुंबईच्या एका बंदुकीच्या दुकानात आम्ही सकाळी शिरलो ते दुपार कलल्यावर बाहेर पडलो. आबांच्या डोक्यात बुलडॉग होतं. "शेठ, गोळी मोठी तर धाक मोठा," ते म्हणाले. म्हाताऱ्या दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने एक जुनं, सहा इंची नळीचं, किलोभराहून जड धूड काढलं, रिकामं आहे हे दोनदा दाखवलं, आणि आबांच्या कमरेला लावून म्हणाला, "आता खुर्चीवर बसा. उठा. जिना उतरून या." आबा उतरून आले तेव्हा त्यांचा हात सारखा पट्ट्याकडे जात होता. "हे तुम्ही आठ दिवस वागवाल," दुकानदार म्हणाला, "नवव्या दिवशी घरी ठेवाल. आणि नळी कापून हलकं केलंत, तर मोठी गोळी मनगटाला असा हिसका देईल की दुसरी कुठे जाईल सांगता येणार नाही." मग त्याने तीन इंची नळीचं, आधी वापरलेलं वेब्ली थर्टी-टू पुढे ठेवलं. आबांनी ते हातात धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. चहा दोनदा आला.

पुतण्याला हीच माहिती दहा मिनिटांत मिळाली, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या माहितीपेक्षा जास्त आहे. वजन, लांबी, किंमत, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. पण त्याला अजून कुणी 'बसा, उठा, जिना उतरा' म्हटलेलं नाही. 'हे खरंच वागवाल का?' असं डोळ्यांत बघून विचारणारा माणूस त्या काचेत नाही.

रविवारची दुपारही गेली. आबा अंगणात वर्तमानपत्र पसरत. अंगठ्याने खिट्टी दाबली की रिव्हॉल्व्हर मोडे, मधली चांदणी वर येई आणि सहा काडतुसं एकदम बाहेर. ती ओळीने उभी करून आबा मोठ्याने मोजत, एक ते सहा, आणि आम्हालाही मोजायला लावत. मग मलमलची चिंधी, शिवणयंत्राचं तेल, नळीतून उजेडाकडे एक डोळा. गुळाची ढेप ते विसरले नव्हते, म्हणून हे मोजणं. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी ते माणसावर एकदाही रोखलं नाही.

२०१९ च्या खंडेनवमीला पाट मांडला तेव्हा रिव्हॉल्व्हर घरात नव्हतं. विधानसभेची आचारसंहिता लागली होती, ते पोलीस ठाण्यात जमा होतं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आबांनी जमा केल्याची पावती पाटावर ठेवायला सांगितली. वहिनीने तिलाच कुंकू लावलं.

आबा गेले त्याच्या तेराव्यानंतर मी ते स्वतः ठाण्यात नेऊन दिलं. वारस म्हणून परवाना मागता आला असता, मी मागितला नाही. पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की अर्ज मंजूर झाला तर दुकानात एकटा जाऊ नकोस, मला घेऊन जा. आणि तुमच्या घरच्या कपाटात कुणा गेलेल्या माणसाचं शस्त्र आठवण म्हणून पडून असेल, तर परवानाधारकाच्या माघारी ते तसं ठेवणं कायद्याने चालत नाही. आधी ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारसाचा अर्ज करायचा की नाही, ते मग घरात बसून ठरवा.